सूनबाई काय करते हो?

मागच्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे तीस-पस्तीस बायका आल्या होत्या. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं सूनबाईनंच केलेलं. सकाळचे कॉलेजातले तास उरकून ती दीडच्या सुमाराला घरी आली आणि पदर खोचून तशीच स्वयंपाकघरात शिरली. ओटी भरता भरता पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंनी सहज विचारलं, "तुमची सूनबाई काय करते हो?"

साधा प्रश्न होता. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही हो, शिकतेय अजून. कॉलेजात तासांवर जाते आपली."

"अजून शिकतेय? अन् नातू तर दुसरीत ना तुमचा?" असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. मान वर केली तर दारात सूनबाई उभी, हातात पन्ह्याच्या पेल्यांचं ताट.

रात्री मागचं आवरताना तिनं एवढंच विचारलं, "आई, 'काही नाही' असं का म्हणालात?"

मला उत्तर सुचलं नाही. वर्षभर त्या प्रश्नाशी मी घोळत राहिले. आज तुमच्यापुढे मन मोकळं करतेय, कारण आपल्या बीडसारख्या गावांतून घरोघर अशी एखादी सून, लेक, जाऊ नाही तर नणंद आता असतेच. शिकलेली असते, कामाला जाते, रात्री जागून लिहिते आणि तरी ती नेमकं काय करते हे आपल्याला चारचौघींत धड सांगता येत नाही.

आमची सूनबाई समाजशास्त्राची एम.ए. लग्नानंतर सेट पास झाली, मग पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. आमच्या सासऱ्यांच्या पिढीला पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे बघावं लागायचं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघालं, १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. आता सकाळची एसटी धरली की गेवराई, शहागड करत माणूस दुपारपर्यंत संभाजीनगरला विद्यापीठात पोचतो. सून मार्गदर्शकांना भेटायला जायची त्या दिवशी नातवाचा डबा, शाळा, अभ्यास माझ्याकडे असे. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. माझी कुरकुर वेगळ्या जागी होती: हे सगळं कशासाठी? आणि किती दिवस?

कारण हिशेब बघा. कॉलेजातली तिची नेमणूक तासिका तत्त्वावरची. म्हणजे जितके तास शिकवले तितकं मानधन. पदवीच्या वर्गाला तासाचे ९०० रुपये झाले ते २०२३ साली. ऐकायला बरं वाटतं. पण आठवड्याला नऊच तास मिळणार. सुट्टी लागली, परीक्षा आली, की तास नाहीत आणि तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. पावसाळ्यात शिकवलेल्या तासांचे पैसे कधी कधी उन्हाळ्यात हातात येतात. एक तास शिकवायला दोन तास वाचावं लागतं, पेपर तपासावे लागतात, ते कोणी मोजत नाही. कायम जागेची जाहिरात निघाली की एका जागेसाठी माणसांची रांग. दोनदा मुलाखतीला जाऊन आली. दोन्ही वेळा घरी आल्यावर साडी बदलून मुकाट्यानं कणीक मळायला लागली. मीही काही विचारलं नाही.

काहींना शिष्यवृत्ती मिळते. नेटमध्ये वरचे गुण मिळाले तर केंद्राकडून महिना ३७,००० रुपये, पुढे दोन वर्षांनी ४२,०००. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. राज्यात पुण्याच्या बार्टी आणि सारथी, नागपूरची महाज्योती अशा संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना मदत देतात, पण त्यासाठीही मुलांना कितीदा तरी उपोषणाला बसावं लागलेलं आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. आमच्या सुनेला यातलं काहीच मिळालं नाही. वर नियम बदलत राहिले ते निराळंच. विद्यापीठातल्या जागांना पीएच.डी. सक्तीची होणार असं २०१८ पासून ऐकत होतो. जुलै २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ती सक्ती काढली. नेट-सेट ही किमान पात्रता, पीएच.डी. ऐच्छिक. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल निघाला आणि त्यावर बरीच ओरड झाली. मी पेपर घडी करून ठेवला. खरं सांगू? माझ्याही मनात तोच सवाल होता.

अशात हळदीकुंकवानंतर आठच दिवसांत एक जागा चालून आली. ओळखीच्यांच्या इंग्रजी शाळेत जूनपासून शिक्षिकेची नोकरी, दरमहा ठरलेला पगार, नातवाची फी माफ. अट एकच, पूर्ण दिवस शाळेत थांबायचं. म्हणजे कॉलेजचे तास सोडायचे आणि संशोधन जमेल तसं, म्हणजे बहुधा बंदच. चिरंजीवांनी "तिचं तिला ठरवू दे" म्हणून अंग काढून घेतलं. आमचे हे पेपरामागून बाहेर आले नाहीत. मी मात्र स्पष्ट बोलले. "घे म्हणते मी. कागदाच्या भेंडोळ्यांनी घर चालत नाही."

तिनं आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांतच तिला धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर जायचं होतं. तिचा विषय आहे ऊसतोडीवर जाणाऱ्या घरांतल्या मुलींचं शिक्षण. आपल्या जिल्ह्यातलं हे कोणाला नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या गाड्यांत बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. त्यांना भेटायचं तर उन्हाळ्यातच. नेहमी सोबत येणारी तिची मैत्रीण तापानं आजारी पडली होती. एकटीला पाठवायला माझं मन होईना. "चल, मी येते," म्हटलं. मनात हेतू असा, की वाटेत शाळेच्या नोकरीचं तिच्या गळी उतरवावं.

एसटीनं उतरलो, पुढे दोन मैल चालत. बालाघाटाच्या त्या उघड्या डोंगरात एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. वस्तीवर एका लिंबाच्या सावलीला बायका जमल्या. मला वाटलं होतं, ही कागद काढील, प्रश्न विचारील, उत्तरं लिहील, झालं. पण पहिला अर्धा तास तिनं वही उघडलीच नाही. कोणाच्या लेकीचं लग्न ठरलं, कोणाची सासू वारली, कोणाचा हात कोयत्यानं कापला, ते सगळं तिला आधीच ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्या बायकांनाही ठाऊक होतं. मग हळूच एकेक विचारत गेली. लेकीला शाळेतून कधी काढलं? हंगामी वसतिगृहात का ठेवलं नाही? आजीजवळ ठेवली तर भीती कशाची वाटली? मुलींना संगं नेतात, कारण मागं ठेवायला जीव धजत नाही. फडावर नेल्यावर धाकट्या भावाला सांभाळायचं तर कोणी पाहिजेच. मग चौथीतली पोर पाचवीत जात नाही. माझ्या जन्मभर बीडात राहून हे मी कधी असं सलग ऐकलं नव्हतं.

एक म्हातारी बाई शेवटपर्यंत गप्प होती. उठताना म्हणाली, "बाई, आमी किती साल झालं जातोय. आमाला कुनी कवा इचारलंच न्हाई. तुमी ल्हिऊन घेतलं, बरं वाटलं."

सूनबाई काही बोलली नाही. पण परतीच्या वाटेवर तिचा चेहरा मी पाहिला. लेकराला पहिल्यांदा जवळ घेतलेल्या बाळंतिणीच्या तोंडावर असतो तसला तो उजेड. कायम नोकरीवाल्या किती जणींच्या तोंडावर मी तो पाहिलाय? तुम्हीच आठवून बघा.

मोजण्या-लिहिण्याला किती किंमत असते तेही तिनंच त्या दिवशी एसटीत सांगितलं. ऊसतोडीच्या बायकांची गर्भाशयं काढली जातात अशी कुजबुज आपण वर्षानुवर्षं ऐकत होतो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालची समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. जवळजवळ सहाजणींत एक. आकडा पुढे आल्यावर कुजबुजीची बातमी झाली आणि सरकारला उत्तर द्यावं लागलं. "आई, एक-एकीला विचारल्याशिवाय आकडा तयार होत नाही," ती म्हणाली. "विचारायला कोणीतरी जावं लागतं."

घरी आले ती मी पार बदलून. रात्री भाकऱ्या थापताना मोठ्या मनानं म्हटलं, "शाळेची नोकरी नको घेऊस. तुझ्या कामात तुला समाधान आहे ना? मग पैशाचं काय एवढं! समाधानासारखा पगार नाही."

मला वाटलं, पोर पाया पडेल. तिनं तवा खाली उतरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, हेच नका म्हणू. तिकडे कॉलेजातही हेच म्हणतात. तुम्हाला आवड आहे, अनुभव मिळतोय, मग कुरकुर कशाला? समाधान मिळतं म्हणून पगार नको, असं कोणत्या कलेक्टरला कधी कोणी म्हणालंय का? हे बायकांनाच सांगतात. तुम्हाला नाही का चाळीस वर्षं सांगितलं?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. खरंच की! आपल्याला तरी दुसरं काय सांगितलं गेलं? संसाराचं समाधान, मुलांच्या तोंडाकडे बघून मिळणारं समाधान, चार माणसं जेवून तृप्त झाल्याचं समाधान. ते खोटं नव्हतं. पुरणपोळी मनासारखी फुगली की आजही मला आनंद होतो. पण त्या आनंदाच्या नावाखाली आपले कष्ट कुठल्या वहीत लिहिले गेले नाहीत, हेही तितकंच खरं. आणि जे माझ्या बाबतीत झालं तेच मी शहाणपणाच्या सुरात सुनेच्या पदरात टाकत होते. आधी म्हटलं, कायम नोकरी नाही म्हणजे काम 'काही नाही'. मग म्हटलं, समाधान आहे म्हणजे पैसा नको. दोन्ही वेळा चुकले.

वस्तीवरून येताना मी आणखी एक चूक केली होती. म्हटलं होतं, "तुझंही त्यांच्यासारखंच गं. त्यांना खाडा पडला की पैसे कापतात, तुझा तास बुडला की तुझे." त्यावर ती म्हणाली, "नको आई, ती बरोबरी नको. माझा तास बुडला तरी आपल्या डब्यात तांदूळ असतो." स्वतःच्या तक्रारीचंही माप धरून बोलणारी पोर आहे. म्हणून तिची तक्रार मी जास्त मनावर घेतली.

तिच्याचकडून दोन बहिणींची गोष्ट नव्यानं कळली. दुर्गा भागवत आपल्याला 'ऋतुचक्र'मुळे माहीत. त्यांची धाकटी बहीण कमला, लग्नानंतरच्या सोहोनी. १९३३ साली मुंबईहून बी.एस्सी. होऊन कमलाताई बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर अटींवर घेतलं. त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे मुलींना तिथं वाट मोकळी झाली. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर, गोरगरिबांच्या आहारावर संशोधन केलं. संशोधनानं त्यांना भरभरून दिलं. पण पहिल्या वर्षाचा तो अपमान त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या. बघा, कामातलं सुख आणि वागणुकीचं दुःख एकाच माणसाच्या मनात शेजारी-शेजारी राहतात. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

आणि दुर्गाबाई? आदिवासींचा अभ्यास करायला मध्य प्रांतातल्या जंगलात हिंडल्या, तिथं विषारी सुरण खाण्यात येऊन कित्येक वर्षं अंथरुणाला खिळल्या. पीएच.डी. झालीच नाही. पण अभ्यास सुटला का? लोकसाहित्यावर त्या जन्मभर लिहीत राहिल्या आणि १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे पदवी हीच काही कामाची खूण नव्हे. आपण मात्र घरात येताजाता विचारतो, "झाली का तुझी पीएच.डी.?" जशी काही ती पापडाची लाटी आहे, लाटली की संपली.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. 'नेचर' नावाच्या विलायती विज्ञान साप्ताहिकानं २०१९ साली जगभरातल्या सहा हजारांवर पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विचारलं. चारांत तिघांनी सांगितलं की हा मार्ग धरल्याचं समाधान आहे. आणि त्याच पाहणीत शंभरांत छत्तीस जणांनी सांगितलं की अभ्यासापायी आलेल्या चिंतेसाठी, उदासीसाठी त्यांना मदत घ्यावी लागली. म्हणून एखादी हसतमुखानं काम करते एवढ्यावरून तिचं सगळं ठीक आहे असं धरू नका. आणि एखादी रडली म्हणून "सोडून दे मग" असंही लगेच म्हणू नका.

मग घरातल्या माणसांनी करायचं तरी काय? आमच्याकडे जे करून पाहिलं ते सांगते.

पहिलं, जागा आणि वेळ. तिचे कागद दिवाणावरून शिलाई मशीनवर, तिथून फ्रीजवर असे फिरत असत. आम्ही खिडकीजवळ एक टेबल दिलं आणि त्यावर कोणी भाजी निवडायची नाही असं ठरवलं. संध्याकाळी सात ते नऊ तिला कोणी हाक मारत नाही. कुकर मी लावते, नातवाचा अभ्यास त्याचा बाप घेतो. पहिल्या आठवड्यात चिरंजीवांनी तीनदा हाक मारली. आता सवय झाली.

दुसरं, प्रश्न बदलला. "कधी संपणार?" याऐवजी "आज काय झालं?" असं विचारते. कधी एखादं प्रकरण जमलेलं असतं, कधी मार्गदर्शकांनी दहा पानं परत पाठवलेली असतात. दोन्ही ऐकून घ्यायचं.

तिसरं, हक्क माहीत करून घ्या. आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना नेहमीच्या मुदतीवर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. किती मुली मूल झालं म्हणून नाव काढून घेतात! आधी विद्यापीठात जाऊन विचारा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

चौथं, पैशांची वही. किती तास घेतले, किती मानधन झालं, किती आलं, हे तारखेनिशी लिहायला लावलं. पेपर तपासायला लागलेला वेळ, एसटीचं भाडं, झेरॉक्सचा खर्च, सगळं. वर्षाअखेर ती वही बघून आमचे हेसुद्धा पेपरामागून बाहेर आले आणि म्हणाले, "हे तर फार कमी आहे." मी म्हटलं, मग इतके दिवस आम्ही काय सांगत होतो?

शाळेची नोकरी तिनं घेतली नाही. त्यावरून घरात ओढाताण झाली हे लपवत नाही. नातवाची फी आम्ही दोघं निवृत्तिवेतनातून भरतो, माझी गुडघ्याची तपासणी सहा महिने पुढे गेली. कायम जागा अजून नाही. तिसरी मुलाखतही झाली, पदरात काही पडलं नाही. प्रबंधाची दोन प्रकरणं बाकी आहेत. सगळं गोड झालं असं लिहिता आलं असतं तर मलाही आवडलं असतं. कधी रात्री ती टेबलाशी नुसती बसून राहते, तेव्हा मी चहा ठेवून येते, बोलत नाही. मात्र महिन्या-दोन महिन्यांनी वस्तीवर जाऊन येते तेव्हा दारातूनच सांगायला लागते, "आई, त्या म्हातारीची नात यंदा वसतिगृहात राहिली बरं का!" तिच्या प्रबंधामुळे राहिली असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण आम्हा दोघींना बरं वाटतं.

यंदाही चैत्रगौर बसवली. त्याच बाई आल्या, बहुधा मागचं विसरूनच त्यांनी पुन्हा विचारलं, "सूनबाई काय करते हो?"

या वेळी मी हातातलं कुंकवाचं करंडं खाली ठेवलं आणि नीट सांगितलं, "संशोधन करते. ऊसतोडीवर जाणाऱ्या घरांतल्या मुली शाळेतून का गळतात, त्याचा शोध घेतेय. कॉलेजातही शिकवते. काम मनासारखं आहे. पगार मात्र कामाजोगा नाही, तो व्हायला हवा."

बाई जरा थबकल्या. मग पेला हातात घेत हळूच म्हणाल्या, "आमची धाकटीही तेच करते हो, लातूरला. मी तर सांगते सगळ्यांना, घरीच असते म्हणून."